‘परिणामी’, ‘तथापि’, ‘याव्यतिरिक्त’ : वाक्यं जोडायची की ठोकायची?

खिळेजुळारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी मुद्रितशोधनाची कामं घेतो. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणून हे टोपणनाव.

गेल्या महिन्यात एक काम आलं. लासलगावहून कांदा भरून वाशीला नेणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरच्या आठवणी. पंचाहत्तरीला घरच्यांत, मित्रांत वाटायला दोनशे प्रती काढायच्या आहेत. मुलानं टाइप केलेली फाइल दिली आणि सोबत वडिलांची मूळ वही. फाइल वाचताना घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, म्हणून वही उघडली. दोघांना विचारूनच दोन्हीकडचा एकेक तुकडा इथे देतो.

वहीत असं आहे:

*संध्याकाळी गाडी भरून, ताडपत्री ओढून, दोर आवळून निघायचो. कसारा घाट उतरेपर्यंत गप्पा. पुढं क्लीनर झोपायचा. मला झोप आली तर गाणी म्हणायचो, पण मोठ्यानं नाही, पोरगं दमलेलं असायचं. वाशीला पोचलो की पहिला चहा. त्याचे पैसे माझेच.*

आणि फाइलमध्ये:

*मी संध्याकाळी गाडी भरत असे. त्यानंतर मी ताडपत्री ओढत असे. तसेच, मी दोर आवळत असे. त्यानंतर आम्ही निघत असू. कसारा घाट उतरेपर्यंत आम्ही गप्पा मारत असू. मात्र, त्यानंतर क्लीनर झोपत असे. परिणामी, मला झोप आल्यास मी गाणी म्हणत असे. तथापि, मी ती मोठ्याने म्हणत नसे, कारण क्लीनर दमलेला असे. अखेरीस, आम्ही वाशीला पोहोचत असू व चहा घेत असू. याव्यतिरिक्त, चहाचे पैसे मी देत असे.*

मुलगा हुशार आहे, चांगल्या नोकरीत आहे. म्हणाला, “बाबांची वाक्यं तुटक होती. जोडशब्द घातले.” कुठल्याशा लेखन-कार्यशाळेत तक्ता मिळाला होता त्याला, भर घालायची तर हे शब्द, विरोध दाखवायचा तर हे, शेवट करायचा तर हे.

आता वहीतला तुकडा परत वाचा. तुटक आहे का तो? ‘भरून, ओढून, आवळून’मध्ये तीन कामं एका दोरात ओवली आहेत. मग ‘तर’ आहे, ‘पण’ आहे, ‘की’ आहे. आणि ‘माझेच’मधला तो ‘च’! ‘याव्यतिरिक्त’ या पाच अक्षरी धोंड्यापेक्षा तो एक ‘च’ जास्त बोलतो. सांधे सगळे जागेवर आहेत, फक्त वाक्याच्या तोंडाशी स्वल्पविराम लावून उभे केलेले नाहीत.

शिवाय त्या ‘परिणामी’नं चक्क थाप मारली आहे. क्लीनर झोपला याचा परिणाम म्हणून ड्रायव्हर गाणी म्हणतो? वहीत तसं कुठेच नाही.

माझं म्हणणं एवढंच, की मराठीचे सांधे बरेचसे क्रियापदाच्या पोटात (करून, गेल्यावर, येताना, आला म्हणून) आणि शब्दाच्या शेपटीला (च, ही, तर, मात्र) असतात. वाक्याच्या डोक्यावर टोपी घालून ते फारसे येत नाहीत. टोप्या इंग्रजीतून आल्या. तुम्हाला काय वाटतं?

---

हिरवा_दिवा

हाहा, ‘याव्यतिरिक्त, चहाचे पैसे’ वाचून चहा सांडला.

मी पाककृतींचा इंग्रजी ब्लॉग चालवते. तिथे लेख तपासणारं योस्ट नावाचं प्लगइन आहे. निदान ३० टक्के वाक्यांत जोडशब्द असले तर हिरवा दिवा लागतो. दिव्याच्या नादात मी थालीपिठाच्या कृतीत ‘moreover’च्या चालीवर इतकं काही घातलं, की नवऱ्यानं विचारलं, हे थालीपीठ आहे की पंचनामा?

---

सहावा_तास

धागा आवडला, पण सहमत नाही. मी आठवी-नववीला मराठी शिकवते, दुसरी बाजू मांडते.

तुमचे ड्रायव्हरकाका पन्नास वर्षं गोष्टी सांगत आलेत, त्यांच्या हातात सांधे आहेत. माझ्या वर्गातल्या मुलांच्या हातात नाहीत. ‘माझा आवडता ऋतू’वरचं हे खरं उत्तर बघा: *पावसाळा मला आवडतो. शेतकरी आनंदी होतात. चिखल होतो. बेडूक ओरडतात. मला सर्दी होते. पावसाळा सर्वांना आवडतो.* यातली सर्दी कुठून आली, का आली, ती होऊनही पावसाळा आवडतो की काय, काहीच कळत नाही. अशा मुलाला ‘तरीही’ हा एक शब्द दिला, की त्याला पहिल्यांदा समजतं की आपण दोन उलट गोष्टी शेजारी ठेवल्यात. मग तो थांबून विचार करतो. तक्ता म्हणजे पांगुळगाडा आहे हो. चालायला लागलं की सुटतो.

तेव्हा तक्त्याला शिव्या नकोत. पंचविशीतला माणूस पांगुळगाडा घेऊन फिरत असेल तर ते वेगळं.

---

खिळेजुळारी

@सहावा_तास, पांगुळगाडा मान्य. आणि तुमच्या विद्यार्थ्याची सर्दी मला फार आवडली, ती काढू नका.

एक विचारतो. तुम्ही ‘तरीही’ दिलात, तो मुलानं कुठे घातला? ‘तरीही, पावसाळा मला आवडतो’ असा, की ‘सर्दी झाली तरी पावसाळा मला आवडतो’ असा?

---

सहावा_तास

पकडलंत. पहिल्यासारखा, स्वल्पविरामासकट. 🙂

---

खिळेजुळारी

तिथेच माझं घोडं अडतं. ‘मात्र’चंच घ्या. ‘सगळे आले. काका मात्र आले नाहीत.’ इथे ‘मात्र’ काकांच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे. वेगळं कोण, ते बोट दाखवून सांगतो. ‘सगळे आले. मात्र, काका आले नाहीत.’ म्हटलं की तो हात उचलून दारात जाऊन उभा राहतो. ‘पाऊस झाला, धरण मात्र भरलं नाही’ हे ऐकल्याबरोबर डोळे धरणाकडे जातात. मराठीत ही सोय फुकट मिळते आणि आपण ती टाकून देतोय.

अवांतर: ‘मी दार उघडलं मात्र, मांजर सटकलं’ या ‘मात्र’चं काय करणार? तक्त्यात त्याला खानाच नाही. आजी असती तर तिनं दिवसातून चारदा वापरला असता.

---

रात्रपाळी

वर्तमानपत्राच्या डेस्कवर अठरा वर्षं काढली. कबुलीजबाब देतो. डोक्यावरचा ‘मात्र,’ आम्हीच घरोघरी पोचवला. आणि ‘दरम्यान,’ही.

‘दरम्यान’ कसा जन्मतो ते सांगतो. एका अपघाताची बातमी तीन तुकड्यांत येते, एक तुकडा पोलिसांकडून, एक रुग्णालयातून, एक मंत्र्याच्या दौऱ्यातून. तिघांचा एकमेकांशी धागा काय, हे शोधायला रात्री साडेअकराला वेळ नसतो. ‘दरम्यान,’ टाकला की कुठलाही परिच्छेद कुठल्याही परिच्छेदाला चिकटतो. त्याचा आणखी एक उपयोग आहे, तो वाचकाला माहीत नसतो. पानावर आयत्या वेळी जाहिरात आली की बातमी खालून कापतात. ‘दरम्यान’नं सुरू होणारा शेवटचा परिच्छेद उडवला तरी वरच्याला ओरखडा जात नाही. तो जोडशब्द दिसायला जोडतो, आम्ही त्याचा उपयोग तोडायला करतो.

‘दोघे ठार झाले, तर पाच जण जखमी झाले’ यातला ‘तर’ही आमचाच. त्यात ना अट, ना विरोध. ‘दोघे ठार, पाच जखमी’ एवढं पुरतं. पण मथळ्यात वापरलेलं खाली जसंच्या तसं कसं द्यायचं, म्हणून ‘तर’.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे ‘तर’चा ‘तं’ होते आन् तो वाक्यात कुठंबी बसते. ‘मी तं गेलो होतो’, ‘गेलो तं होतो मी’, दोन्हीचा अर्थ येगळा. पयल्यात बाकीचे गेले नाई, मी गेलो. दुसऱ्यात गेलो, पन काम झालं नाई. लेखात लिवलं की संपादक पयले ‘तं’ काढते, मंग अर्थ काढते.

---

पक्षकार_हजर

भाषांतर विभागात आयुष्य गेलं, म्हणून थोडं कायद्याच्या भाषेबद्दल.

इथे जोडशब्द शोभेचे नसतात, त्यांच्यावर खटले उभे राहतात. जुन्या अधिसूचना बघा: ‘ज्याअर्थी अमुक, आणि ज्याअर्थी तमुक, त्याअर्थी आता…’ हे इंग्रजी ‘व्हेअरअ‍ॅज’चं भाषांतर आहे, पण घडण अस्सल मराठी आहे, ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जसं-तसं’ यांच्या कुळातली. वाचणाऱ्याला ‘ज्याअर्थी’ दिसलं की तो ‘त्याअर्थी’ येईपर्यंत श्वास धरून बसतो. मध्ये चार पोटकलमं गेली तरी चालतं. मी मराठी मसुदे इंग्रजीत नेलेत तेव्हा ही जोडी फार आठवायची.

कलमाच्या शेवटी अपवाद सांगायचा असला की ‘परंतु’नं सुरुवात होते. म्हणून त्या भागाला नावच ‘परंतुक’ पडलं. दुसरा अपवाद आला तर ‘परंतु आणखी असे की’. एका उभयान्वयी अव्ययाला ‘क’ लावून नाम केलं आणि त्याला कायद्यात स्वतःची खुर्ची दिली, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आणि संविधानाच्या मराठी पाठात ‘काहीही असले तरी’ बघा. इंग्रजीत ‘नॉटविथस्टँडिंग’ तोंडाशी येतं. मराठीत ‘तरी’ पोटवाक्याच्या शेवटी. धागाकर्त्याचं म्हणणं इथे बरोबर उतरतं. चांगल्या भाषांतरकारानं टोपी काढून सांधा जागेवर बसवलाय.

---

लग्नघरचा_पाहुणा

पत्रिकेतला ‘तरी’ राहिला की! ‘चि. अमुक यांचा शुभविवाह योजिला आहे, तरी आपण सहकुटुंब येऊन…’ लहानपणी मला वाटायचं, लग्न आहे, *तरीही* या. म्हणजे यजमानांना यायला नकोच होतं की काय.

---

मोडीवाचक

@लग्नघरचा_पाहुणा, हा ‘तरी’ वेगळा आणि फार जुना. त्याचा अर्थ ‘तर’, ‘तेव्हा’. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय ‘तरी’ या शब्दानंच उघडतो, तिथे ‘असे असूनही’ नाही, ‘तर आता ऐका’ आहे. पसायदान ‘आता’नं सुरू होतं. अख्खा ग्रंथ सांगून झाल्यावर तो एक ‘आता’. अर्जातलं ‘तरी मेहेरबानांनी रजा मंजूर करावी’ आणि तुमच्या पत्रिकेतला ‘तरी’ याच घरचे.

मोडी कागद वाचणाऱ्यांना जोडशब्दांची किंमत वेगळी कळते. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं. शब्दांत अंतर नाही, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. मग वाक्य कुठे संपलं हे कसं ओळखायचं? ‘ऐसियास’, ‘त्यास’, ‘तरी’, ‘याजकरिता’, ‘सबब’ हे शब्द दिसले की समजायचं, इथे वळण आहे. पहिल्या वर्षी मी कागदावर आधी एवढेच शब्द शोधून पेन्सिलीनं खुणा करायचो, मग मधला मजकूर लावायचो. खुणा चुकल्या की कर्ज घेणारा आणि देणारा यांची अदलाबदल व्हायची.

विरामचिन्हं मराठीत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, मराठीवर काम करणाऱ्या मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या वगैरे खटपटीनं. ती आल्यावर ‘ऐसियास’ला काम उरलं नाही. म्हणून वाक्याच्या तोंडाशी जोडशब्द ठेवणं मराठीला परकं आहे, हे धागाकर्त्याचं विधान मी थोडं मागे घ्यायला लावीन. आपल्याकडेही टोप्या होत्या. फक्त त्या टोप्या पूर्णविरामाचं काम करत होत्या. आज पूर्णविराम आहे आणि त्याच्यावर टोपीही आहे, हे मात्र (स्वल्पविराम न देता लिहिलंय, बघा) खरं.

---

खिळेजुळारी

@मोडीवाचक, विधान मागे घेतो. ‘टोप्या इंग्रजीतून आल्या’ हे घाईत लिहिलं. ‘टोपीखालचा स्वल्पविराम इंग्रजीतून आला’ एवढं ठेवतो.

---

पूर्वपरीक्षा_तिसरी_वेळ

एमपीएससीची तयारी चालू आहे. एक शंका. ‘म्हणून’ हे परिणामबोधक की उद्देशबोधक की स्वरूपबोधक? वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं दिलंय. ‘किंवा’ विकल्पबोधक, ‘पण’ न्यूनत्वबोधक, ‘शिवाय’ समुच्चयबोधक हे पाठ आहे. ‘म्हणून’ला दरवेळी मार्क जातो.

---

सहावा_तास

तिन्ही. वाक्य बघून ठरवायचं. ‘आजारी होता म्हणून आला नाही’ परिणाम. ‘गुण मिळावेत म्हणून अभ्यास करतो’ उद्देश, इथे आधीचं क्रियापद ‘मिळावेत’ असं असतं ती खूण. ‘विनायक म्हणून माझा एक मित्र आहे’ स्वरूप. आणि उत्तरपत्रिकेत ‘आणि’, ‘नि’ ऱ्हस्वच लिही, ‘परंतु’, ‘तथापि’ही ऱ्हस्व, ‘की’ दीर्घ. १९६२च्या नियमांपासून हेच आहे, तरी दरवर्षी निम्मा वर्ग ‘कि’ लिहितो.

---

खडेबाजार

बेळगावहून. ‘म्हणून’चं पोट अजून मोठं आहे. मुळात ते ‘म्हणणे’चं ‘ऊन’ रूप, ‘असं बोलून’. आमच्याकडे अजून तसंच चालतं: ‘उद्या येतो म्हणून सांगितलाय.’ पुण्यात हेच ‘उद्या येतो असं सांगितलंय’ नाहीतर ‘सांगितलंय की उद्या येतो’. कानडीत ‘नाळे बर्तीनि अंत हेळिदा’, त्यातलं ‘अंत’ही ‘म्हणून’च. तेलुगूत ‘अनि’. सगळ्यांनी ‘बोलणे’ या क्रियापदाला घासून जोडशब्द केला.

पुण्याला शिकायला होतो तेव्हा निबंधातल्या माझ्या प्रत्येक ‘म्हणून’खाली लाल रेघ यायची. भाषा अशुद्ध आहे म्हणून सांगायचे.

---

मांडवीकाठ

गोव्याहून +१. कोंकणीत ‘म्हूण’. ‘पण’ला ‘पूण’, तो जुन्या ‘पुनः’च्या जास्त जवळ राहिला. आणि ‘म्हणून’ला आणखी एक सुंदर शब्द आहे, ‘देखून’. ‘पावस आयलो, देखून हांव वचूंक ना.’ पाहून, म्हणून! मराठी बोलून निष्कर्ष काढते, कोंकणी बघून.

---

बँड_साडेसहा

नाशिकला आयईएलटीएसचे, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेचे वर्ग घेतो. तिथे गुणांना बँड म्हणतात, सर्वांत वरचा नऊ. धाग्यातला मुलगा माझ्याकडे आला असता तर साडेसहावर अडकला असता.

मुलं ‘मोरओव्हर, फर्दरमोअर, इन अ नटशेल’ पाठ करून येतात आणि प्रत्येक वाक्याला लावतात. मग गुण का वाढत नाहीत म्हणून वाद घालतात. लेखन-परीक्षेचे निकष छापील मिळतात, ते मी पहिल्याच दिवशी भिंतीवर लावतो. पाच बँडच्या वर्णनात जोडशब्दांचा अतिरेक हा दोष म्हणून लिहिलाय. सहाच्या वर्णनात जोडणी यांत्रिक असू शकते असं म्हटलंय. आणि नऊच्या वर्णनात? जोडणी अशी की तिच्याकडे क्वचितच लक्ष जातं. म्हणजे आपण ज्याला इंग्रजी वळण म्हणून नावं ठेवतोय ते चांगलं इंग्रजीही नाही. ते क्लासवाल्यांचं इंग्रजी आहे. (मीही क्लासवालाच.)

---

चुलीवरची_कहाणी

कोणी कहाण्यांचा उल्लेख केला नाही अजून? ‘आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्याला दोन राण्या होत्या. एक आवडती, एक नावडती.’ चार वाक्यं, एकही ‘आणि’ नाही, ‘तसेच’ नाही. नगरातून ‘तिथं’, राजातून ‘त्याला’, दोनातून ‘एक… एक’. प्रत्येक वाक्य मागच्याचं बोट धरून येतं. श्रावणात आई वाचायची आणि आम्ही पेंगत ऐकायचो, तरी धागा सुटायचा नाही.

@सहावा_तास, पांगुळगाड्याऐवजी हे देऊन बघा मुलांना. मागच्या वाक्यातला एक शब्द पुढच्यात उचला, एवढाच नियम.

---

सहावा_तास

सोमवारी करून बघते. बेडकापासून सर्दीपर्यंत बोट धरून यायला सांगते.

---

संशोधक_नाइलाज

थोडं तथापिच्या बाजूनं. मी मराठीतून विज्ञानावर लिहितो. ‘ऊन-ऊन-ऊन’ करत ट्रक वाशीला पोचतो, युक्तिवाद नाही पोचत. ‘हे औषध उंदरांवर चाललं. तथापि माणसाचं यकृत ते वेगळ्या प्रकारे हाताळतं. त्यामुळे मात्रा तशीच वापरता येत नाही.’ यातला ‘तथापि’ आणि ‘त्यामुळे’ काढून दाखवा. परिच्छेद लांब झाला, मधे आकडे आले, की वाचकाला पाट्या लागतात. घाटात लागतात तशा. सपाट रस्त्यावर दर दहा फुटांवर लावल्या तर वेडेपणा, हे कबूल.

---

खिळेजुळारी

@संशोधक_नाइलाज, तुमच्या तीन वाक्यांतून काहीच काढणार नाही. ‘तथापि’नंतर स्वल्पविराम दिला नाहीत याबद्दल आभार.

सगळ्यांचे आभार, आता शेवट सांगतो. काल मुलाला आणि काकांना समोरासमोर बसवलं. मी फाइल वाचत गेलो, काका डोळे मिटून ऐकत होते. ‘परिणामी’ आलं तेव्हा डोळे उघडून मुलाला विचारलं, “हा परिणामी कोण?” मुलगा हसला, मग त्यानंच फाइल बंद केली आणि वही पुढे ओढली. वहीवरून परत टाइप करायचं ठरलं, फक्त शुद्धलेखन बघून.

पण मी इतका शहाणपणा करत होतो, मलाही एक टपली बसली. वहीत एके ठिकाणी आहे: *मालक चांगला होता. पगार वेळेवर द्यायचा नाही.* मुलानं फाइलमध्ये ‘मात्र,’ घातला होता. मी तो उडवला आणि म्हटलं, काका, इथे साधा ‘पण’ घालू या, दोन वाक्यं उघडी पडतात.

काकांनी मान हलवली. “पण नको. पण म्हटलं की चांगला नव्हता असं होतं.”

“मग नुसतं ठेवू?”

जरा वेळ विचार करून म्हणाले, “आणि घाला.”

*मालक चांगला होता आणि पगार वेळेवर द्यायचा नाही.* पान ३४ वर तसंच जातंय.

---

सहावा_तास

हे वाक्य फळ्यावर लिहू का? काकांना विचारून सांगा.